फाटकातून घरी आलेलं विमान

फिल्टन, ब्रिस्टल
७ डिसेंबर २००३

प्रिय बेरिलताई,

तुमचा गुडघा आता जिन्याला घाबरत नसेल अशी आशा आहे. ॲडलेडमध्ये उन्हाळा सुरू झाला असेल, म्हणजे तुमचे रॉनल्ड पाण्याच्या नळीवरून शेजाऱ्यांशी भांडायला लागले असतील. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि टोपी घालायला सांगा. मी बरी आहे. माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते जास्त आहे आणि माझ्या मते वयाला शोभेल इतकाच आहे. तुमच्या भावाला जाऊन दोन वर्षं नऊ महिने झाले. पलंगावर आता ऐसपैस झोपायचं असं ठरवलं होतं, पण अजून भिंतीकडेच सरकून झोपते. जमेल तेव्हा जमेल.

आता कामाचं सांगते. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये वसंतात एक मोठा फलक लागणार आहे. इथल्या कारखान्यात काँकॉर्ड विमान बांधताना ज्यांनी ज्यांनी हात चालवला त्या सगळ्या फिल्टनकरांची नावं त्यावर कोरणार आहेत, फिटरपासून फरशी पुसणाऱ्या बाईपर्यंत. त्या यादीत डेस्मंडचं नाव नाही. (मी तीनदा वाचली. नंतर चष्मा पुसून चौथ्यांदा.) यादी जुन्या पगारपत्रकांवरून केली आहे, आणि तुम्हाला आठवत असेल, तुमचा भाऊ एका बाहेरच्या ठेकेदाराचा माणूस म्हणून तिथे पत्रे जोडायचे रिव्हेट मारायला लागला होता. तो ठेकेदार पुढे बुडाला आणि कागदपत्रं त्याच्याबरोबर गेली. म्हणजे कागदोपत्री आमचा डेस्मंड सहा वर्षं रोज सकाळी डबा घेऊन कुठेतरी भटकायला जात होता. नाव घालायचं तर दोन पुरावे हवेत: त्याला तिथे पाहिलेला एक साक्षीदार, आणि प्रत्येक कामगार आपल्या कामावर ठोकायचा तो नंबर असलेली त्याची एखादी वस्तू. मुदत जानेवारीअखेरपर्यंत.

पण आधी गेल्या महिन्याच्या सव्वीस तारखेचं सांगते, कारण तुम्ही इथे नव्हता याचं मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. काँकॉर्ड शेवटचं उडून घरी आली. (आम्ही कुणीच तिला ‘ते विमान’ म्हणत नाही, तुम्हाला माहीतच आहे.) आमची अख्खी गल्ली सकाळी नऊपासून बाहेर. जे कधी आपापसांत बोलत नाहीत ते एकाच शिडीवर उभे. आयव्हर टोवीने थर्मासचं झाकण उघडून ठेवलं आणि ती येईपर्यंत प्यायचंच विसरला. आमच्यातलं कुणीही कधी तिच्यात बसलं नाही, ते तिकीट आमच्या घराण्यांना परवडणारं नव्हतंच. पण ती वरून जायची तेव्हा बोलणं थांबायचं, कपबशा किणकिणायच्या आणि ती गेली की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे सुरू व्हायचं. ज्याच्यामुळे आपलं बोलणं अडतं त्याच्यावर माणसं इतकं प्रेम करताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. (नवऱ्यांच्या बाबतीत तर नाहीच.)

मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली, हे तुम्ही मला लग्नात ऐकवलं होतं. तेव्हापासून मी वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत आले. तिच्यावरच्या एका पुस्तकात असं होतं की उडताना तिचं अंग हवेच्या घर्षणाने तापायचं आणि ती चांगली वीतभर लांब व्हायची. खाली उतरून थंड झाली की पुन्हा आपल्या मापात. मी हे डेस्मंडला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “मग आम्ही रिव्हेट कशासाठी मारत होतो असं तुला वाटलं?” पॅरिसजवळच्या त्या भयंकर अपघातानंतर तिला जमिनीवर ठेवलं होतं, त्याच काळात तो गेला. शेवटच्या महिन्यात तो खिडकीशी बसून रिकामं आकाश बघायचा. ती पुन्हा उडाली ते त्याला दिसलं नाही. म्हणून सव्वीस तारखेला मी दोघांसाठी बघितलं. शहरातल्या झुलत्या पुलावरून वळून ती आमच्या डोक्यावरून अगदी खाली आली, नाक वाकवून, मोठ्या घरातली बाई ओळखीच्या म्हातारीसाठी मान वाकवते तशी. शेजारची हेझल वील माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिने १९८२ पासून माझी बागेची कात्री परत केलेली नाही, तरी मी तिला माझा रुमाल दिला.

आता त्या वस्तूंचं. तुम्ही सभ्य घरात पडलात म्हणून तुम्हाला कल्पना नसेल. कारखान्यात उरल्यासुरल्या धातूच्या तुकड्यांतून कामाच्या वेळात घरासाठी गुपचूप जे बनवायचं त्याला तिथे ‘पाहुणा’ म्हणत. पाहुणा बनवणं अवघड नव्हतं, फाटकातून बाहेर काढणं अवघड होतं. आमच्या गल्लीत एकही घर बिनपाहुण्याचं नाही. आयव्हरचं बागेचं फाटक दोन वर्षांत सळई-सळई करून घरी आलं. हेझलकडे पोपटाचा पिंजरा आहे, तो वादळात उडेल पण मोडणार नाही. माझ्याकडे उलथणं आहे. त्याचे रिव्हेट इतके सपाट बसवलेत की नखसुद्धा अडत नाही. छत्तीस वर्षं मी त्याने अंडी उलटते आहे.

फलकवाल्या मंडळींनी जाहीर केलं की शनिवारी हॉलमध्ये विमानाच्या संबंधातली कुठलीही वस्तू आणा. सगळी गल्ली अभिमानाने फुगली. देशाच्या लाडक्या विमानाचा तुकडा आपल्या स्वयंपाकघरात आहे हे सांगायची संधी! आम्ही रांग लावली. पिंजरा, विस्तव ढोसायची सळई, टोस्ट ठेवायची जाळी, आणि आयव्हर तर बिजागऱ्यांसकट फाटकच हातगाडीवर घालून आला होता. दार उघडलं आणि टेबलामागे नोंदवही घेऊन कोण बसलेलं? गिल्बर्ट पॅस्को. तेच, कारखान्याच्या फाटकावरचे रखवालदार, ज्यांनी तीस वर्षं या सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. वय सत्त्याऐंशी, टाय तोच.

रांग जागच्या जागी गोठली. हेझलने पिंजऱ्यावर कोट टाकला. आयव्हर हातगाडी वळवायला लागला तर ती दारात अडकली. “आयव्हर, ढकल ना!” “अगं, ढकलतोच आहे!” “मग ओढ!” आणि मागून कुणीतरी, “अरे, त्याला निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, आता काय पगार कापणार आहे का?” पण पाय कुणाचा पुढे पडेना. शेवटी रांगेत मी एकटी पुढे उरले, धीटपणामुळे नव्हे, मागे जायला जागाच नव्हती.

बेरिलताई, माझ्या पिशवीत उलथणं होतं. दाखवावं तर नवरा चोर, न दाखवावं तर नवरा नाहीच. त्यातून पॅस्कोंशी आमचं एक जुनं प्रकरण होतं. डेस्मंड लांब पाहुणे पँटच्या पायातून आणायचा, त्यामुळे फाटकातून लंगडत निघायचा. पॅस्को रोज विचारायचे, “पाय कसा आहे?” आणि हा सांगायचा, “थंडीत त्रास देतो.” ते ऐकून मिसेस पॅस्को दर नाताळात मला मलमाची डबी पाठवायच्या. मी आभाराची पत्रं लिहायचे! सहा पत्रं!

मी टेबलावर उलथणं ठेवलं आणि म्हटलं, “मिस्टर पॅस्को, त्याचा पाय धडधाकट होता.”

त्यांनी उलथणं उचललं, नख फिरवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मिसेस गिंजेल, सोमवारी डावा पाय दुखायचा आणि गुरुवारी उजवा. मी रखवालदार होतो, आंधळा नव्हतो.”

“मग अडवलं का नाही?”

“भंगार होतं ते. फेकायच्या तुकड्यालाही जो कडा घासून नेतो, त्याला हाकलून विमान कुणाकडून बांधून घ्यायचं?” मग म्हणाले, “मलम बायकोचं होतं. म्हणायची, एवढं पत्र्याचं काम चाललंय, मांडी तरी खरचटू नये बिचाऱ्याची.”

मग आयव्हरकडे बोट दाखवून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, “ए टोवी, ते फाटक आत आण. बाहेर जाताना त्याची एकेक सळई मी पाहिली आहे, अख्खं कधी पाहिलं नाही.” हॉलमध्ये जो हशा उठला तो मी अजून कानात जपून ठेवला आहे. पॅस्कोंनी वहीत लिहिलं: डेस्मंड गिंजेल, रिव्हेट विभाग, मी स्वतः रोज पाहिला. खाली सही. पहिला पुरावा झाला. दुसऱ्याचं मात्र उलथण्याने भागलं नाही, कारण त्यावर नंबर नाही. पाहुण्यावर नंबर टाकणं म्हणजे पकडायला आपणच नाव सांगणं.

बाकी सर्व ठीक. तब्येतीला जपा.

तुमची भावजय,
एनिड

ता.क. नंबर घातलेला एकच पाहुणा त्याने बनवला. त्याचं म्हणणं होतं, माझं काम देशाबाहेर जाणार असेल तर बिननंबरी जाणार नाही. बेरिलताई, तुमच्या लग्नात आम्ही दिलेला तो चांदीचा ट्रे चांदीचा नाही. बाथ गावच्या सराफाचा खोका आम्ही रिकामा मागून आणला होता. तुम्ही लिहिलं होतं की चांदी फार हलकी वाटते, आणि डेस्मंडने उलट टपाली कळवलं की उंची चांदी हलकीच असते. पस्तीस वर्षांत तो एकदाही काळा पडला नाही याचं तुम्ही घरी येणाऱ्या सगळ्यांना कौतुक सांगता, तेव्हा रागावू नका. त्याच्याकडे असलेल्यांत तो सगळ्यात चांगला पत्रा होता. उरलेला भाग आवाजापेक्षा वेगाने अटलांटिक ओलांडून गेला आणि तुमचा तुकडा बोटीने. खालच्या बाजूला, डाव्या कडीजवळ, त्याचा चारशे सतरा असा बारीक ठोकलेला नंबर आहे. ट्रे पाठवा. नोंद झाली की परत करीन.

ता.क. दुसरं. पाठवण्याआधी कृपा करून घासू नका. तुम्ही दर रविवारी खालची बाजूसुद्धा घासता हे मला माहीत आहे, आणि त्या तीन आकड्यांचं काय उरलं असेल या विचाराने शनिवारपासून माझं कशात लक्ष नाही. हे वाचून झालं की लगेच ट्रे उलटा करा, उजेडात धरा, रॉनल्डचा चष्माही लावा. एक आकडा जरी दिसला तरी फोन करा. इथे किती वाजलेत ते बघत बसू नका.