सगळं गाव धावलं

पौष वद्य ९, शके १८४२

मुली इतक्या हसल्या की पुजारी हातात पळी घेऊनच ओवरीपाशी आला. हसू देत की! देवळामागं शाळा भरवली म्हणजे काय मुक्यानं शिकायचं?

मी काढलेल्या चित्रांच्या पोथीचं पाचवं पान आज दाखवलं. खाली मोठ्या अक्षरांत एवढंच लिहिलंय — ‘लांडगा आला. सगळं गाव धावलं.’ आधी वाचायचं, मग चित्र बघायचं. चित्रात गाव धावतंय खरं, पण उलट्या बाजूला. विठ्ठलराव देशमुख लिंबावर चढून बसलेत, त्यांचा लाल जोडा खाली पडलाय. आणि मेंढरांच्या वाडग्यापाशी धुळाजी धनगराची साखरा, अकरा वर्षांची, काठी घेऊन एकटी उभी.

दिवाळीनंतर भर दुपारी घडलं तसंच काढलंय. साखराच्या दंडावर दातांचे वण अजून आहेत. पारावर मात्र आता सगळेच शूर! जो तो म्हणतो, लांडगा मीच हाकलला. पोरीचं नाव कोणी घेत नाही. म्हणून तर महिनाभर गेरू, हळद अन् काजळ खपवून ही पोथी केली. मेंढरांतून सवड मिळाली की साखराही शिकायला येते. तिला अजून दाखवली नाही. सगळी पानं झाली की तिच्याच हातात देणार.

पौष वद्य १०

जेवताना धाकटा भाऊ बद्रीनाथ म्हणाला, "अक्का, देशमुखाशी वैर कावून घ्यायलीस? आपल्याला ह्याच गावात राहायचंय." तो आणखीही बोलणार होता. मी ताटात भाकरी वाढली अन् विषय संपवला.

पौष वद्य १२

देशमुख स्वतःच ओवरीत आले. मुली भिंतीला चिकटल्या. त्यांनी पाचवं पान काढलं अन् बोट ठेवलं.

"लिवलंय ते झकास हाय. सगळं गाव धावलं — बराबर. मग चित्र कावून येगळं? लिवलंय तसं काढा की."

मी म्हटलं, "लिहिलंय तेच काढायचं तर काढायचं कशाला?"

"मी झाडावर होतो म्हणून तुमाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? ह्या डोळ्यांनी बघितलंय."

जरा गडबडले, मग आवाज चढवला. माघी पौर्णिमेच्या आत झाडावरचा माणूस निघाला नाही तर ओवरीला कुलूप. देवळाचे पंच तेच, किल्ली त्यांचीच. सहा मुली कुठं आत्ता अक्षराला अक्षर जोडायला लागल्यात. दुसरी जागा कोणी देणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

पण खोटं चित्र मी काढणार नाही. नाहीच.

माघ शुद्ध ४

लहानपणी आमच्याकडे म्हाळू चित्रकथी यायचा. चित्र लोकांपुढं उभं धरायचा अन् मागं बसून गोष्ट सांगायचा. एकदा मी विचारलं, राक्षस एवढा थोरला काढलाय, मग तोंडानं का नाही सांगत? म्हणाला, "दिसतंय ते बोलायचं न्हाई, पोरी. बोललं की लोक बघायचं सोडतेत."

दिसतं ते बोलायचं नाही. मग जे दिसतच नाही ते? दोन दिवस हेच डोक्यात आहे. काल भाजी करपली.

माघ शुद्ध ७

काढला माणूस! पानावर नवा कागद डकवून सगळं चित्र पुन्हा केलं. लिंबावर आता कोणी नाही. नुसती एक फांदी वाकलेली, अन् खाली लाल जोडा. तोही एकच.

एकीनं विचारलं, "फांदी कशानं वाकली गं?" पाचजणींनी एकदम उत्तर दिलं. मागच्यापेक्षा दुप्पट हसल्या. मी अक्षरही बोलले नव्हते.

माघ शुद्ध ८

देशमुखांनी पान पुष्कळ वेळ बघितलं. "हा जोडा काढा."

"का? कुणाचा आहे?"

त्यांनी पान खाली ठेवलं. माझा म्हणावं तर झाडावर चढल्याचं कबूल, अन् भांडावं तर झाडावर कोणी नाहीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! तसेच निघून गेले. ओवरी उघडी राहिली.

बद्रीनाथ म्हणतो, उतू नको. आज उतणार.

माघ शुद्ध ११

साखराला पोथी दिली. एकटीनं वाचली, अडखळत, पण वाचली. पाचव्या पानावर थांबली. पळणाऱ्या एकेका माणसावर बोट ठेवत नावं घेत गेली. मग मला एक विचारलं.

ते इथं लिहिणार नाही.

माघ पौर्णिमा

लिहिते. "बाई, सगळे हायेत, तुमी कुठं हाव? तुमी तर डोळ्यानं बघितलं म्हनता."

आमचं घर लिंबासमोरच आहे. पोर हाका मारत होती. मी आतून कडी घातली अन् फटीतून बघत राहिले.

आज पाचव्या पानावर आमचं दार काढलं. बंद. फटीत एक डोळा. खालची ओळ तशीच ठेवली.