एकोणिसाव्या नंबरचा बरगा

मी, चंपतराव गणपतराव भोयर, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार करंजखेड, मंडळ बोथ, जिल्हा आदिलाबाद, माझ्यामागे कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवतो. डोळ्यांना कमी दिसतं, पण डोकं जाग्यावर आहे. कोणी शिकवलं नाही, कोणी दटावलं नाही.

१. माझ्या कमाईचं चार एकर वावर मुलगी दीपमाला हिला. घर मुलगा वैभव याला, पण कलम ४ पाळलं तरच.

२. गोठ्यालगतची कोठी गावाला. गावच्या नाल्यावरच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाऊस सरल्यावर पाणी अडवायला खांबांमध्ये बसवायच्या लोखंडी फळ्या, बावीस वर्षं तिथंच ठेवल्या. काढायच्या, घासायच्या, ग्रीस लावून रचायच्या. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, म्हणून प्रत्येकीवर लाल रंगानं नंबर मीच टाकला. त्या पाण्यावर दोन्ही काठच्या विहिरी चैत्रापर्यंत भरल्या राहत, बोर मारायची कोणाला गरज पडली नाही. साखळदंड व ग्रीसचा डबाही गावाचाच समजावा.

३. तीन वर्षांपूर्वी अकरा बरगे चोरीला गेले. कोठीच्या चाव्या दोन. एक माझी, एक रामाजी दुधे याची, जो पहिल्या सालापासून माझ्यासोबत बरगे बसवत आला. वैभव म्हणाला, रामाजीला भंगारवाल्याच्या टेम्पोजवळ पाहिलं. मी पोराचं ऐकलं. माझी चावी घरात खुंटीवरच असते, हे डोक्यातही आलं नाही. पंचायतीपुढे रामाजीची चावी काढून घेतली, त्याला चोर म्हणालो. तो एवढंच बोलला, "चंपतभाऊ, तुमी मले इचारलंबी नाई."

त्या साली पाणी अडलं नाही. विहिरी माघातच आटल्या आणि वैभवनं आपल्यापुरता बोर मारला. यंदा त्या बोरजवळ कपडे धुवायला टाकलेली लोखंडी फळी मी उलटून पाहिली. खाली माझ्या हातचा नंबर, एकोणीस. विचारलं तर म्हणतो, "बाबा, गावाची वस्तू होती. आपली थोडीच होती?"

पोटच्या पोरानं दगा दिला, हे मरेपर्यंत विसरणार नाही. त्याच्या नादी लागून मी रामाजीला दिला, तेही विसरणार नाही. बोर आता कोरडा पडला आहे. बरं झालं, असं लिहिणार होतो, पण माझी नातवंडंही तेच पाणी पीत होती.

४. हे मृत्युपत्र वैभवनंच वाचावं. घरात नाही, बंधाऱ्यावर, बरगे बसवायच्या दिवशी, साऱ्या गावापुढे. कलम ३ गाळू नये. गाळलं तर घरही दीपमालाचं. माझी बैलजोडी विकून गेलेले बरगे नवे करावेत. एकोणिसावा आहे तोच घासून जागेवर बसवावा.

५. नाल्याकाठचं अर्धं एकर रामाजीला द्यायचं होतं, आणि साक्षीदारही तोच हवा होता. लिहून देणारे रविकांत गुरुजी म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, दोन्हीतलं एक ठरवा. मी रामाजीला बोलावून गुरुजींना सगळं वाचून दाखवायला सांगितलं. तीन वर्षांनी तो माझ्या ओसरीवर चढला. ऐकून म्हणाला, "वावर नोको मले. माही सही राहू द्या. वैभवनं वाचलं का, शेवटी माह्यं नाव आलं पाह्यजे."

म्हणून ते अर्धं एकरही दीपमालाला.

करंजखेड, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५

सही: चंपतराव गणपतराव भोयर

साक्षीदार:
रविकांत माधवराव ठमके, निवृत्त शिक्षक, बोथ
रामाजी सखाराम दुधे, करंजखेड. धंदा: बंधाऱ्याचे बरगे बसवणे