भलतंच पान उघडतंय

सोमवार, ३ नोव्हेंबर
परत तेच! बँकेचं पान उघडायला गेले आणि उघडलं भलतंच – जुगाराचं. पत्ते, नाणी, एक हसरी बाई. बंद केलं तर लाल पाटी – तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा. दिवाळीपासून हे चाललंय.

कॉम्प्युटर एक, वापरणारी माणसं तीन. मी, ओजस्विनी आणि अप्पा. सासूबाई गेल्यावर यतीनने अप्पांना साताऱ्याहून इथे चंडीगडला आणलं, आणि नवरोबा स्वतः बदलीवर गेले गुवाहाटीला. सासरेबुवा कॉम्प्युटरवर फक्त साताऱ्याच्या बातम्या वाचतात. म्हणजे उरली माझी लेक. पंधरा वर्षांची.

विचारलं तर – "मम्मा, मैंने कुछ नहीं किया यार! पक्का!"
माझ्याकडे बघून नाही बोलली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
शिशिरला फोन केला. युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर शिकवतो, आमच्या महाराष्ट्र मंडळातला. त्याचा पहिला प्रश्न – "त्या नंबरवर कुणी फोन तर केला नाही ना?" मी म्हटलं, छे! मग त्याने सांगितलं तसं केलं. ब्राउझरमध्ये न बोलावता येऊन बसलेली दोन एक्स्टेंशन्स काढली, नोटिफिकेशन बंद केली, राउटरचा पासवर्ड बदलला.
बँकेचं पान सरळ उघडलं. हुश्श!

बुधवार, ५ नोव्हेंबर
गुरुपुरबची, म्हणजे गुरु नानक जयंतीची सुट्टी. तिघंही घरी. कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागला. अप्पा मात्र दिवसभर बेचैन – बाल्कनीत जा, आत या, घड्याळ बघा. बरं नाही का विचारलं, तर "छे छे, मला काय झालंय!"

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
आलं परत! काढलेली दोन्ही एक्स्टेंशन्स जागच्या जागी!
ओजस्विनीला खूप बोलले. तिचा मोबाइल काढून घेतला. रडली. "आप मुझपे कभी ट्रस्ट नहीं करतीं!" अप्पा समोरच बसले होते. अर्ध्या जेवणावरून उठले.

पण शाळा, मग ट्यूशन – ती घरी येते माझ्या मागून. बसते कधी?

सोमवार, १० नोव्हेंबर
शिशिर घरी येऊन बघून गेला. अप्पा खाली फिरायला गेले होते. एक प्रोग्रॅम सापडला – त्यातून बाहेरचा माणूस लांब बसून आपला कॉम्प्युटर चालवू शकतो! "मधुवंती, हा आपोआप बसत नाही. घरातून कुणीतरी 'हो' म्हणतंय. आणि दर वेळी भरदुपारी."

मोबाइलवरून बँक बघितली. सगळं जसंच्या तसं. शिशिरच चक्रावला. "दिवाळीपासून चोर घरात आणि काहीच नेलं नाही?"
मला तर जास्तच भीती वाटली. कशाची वाट बघतायत?

प्रोग्रॅम काढून टाकला, बँकेचा पासवर्ड बदलला. जाताना शिशिरने विचारलं, "दुपारी घरी कोण असतं?"
मी चहाचे कप उचलले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
अर्धी रजा टाकली. कुणाला सांगितलं नाही. किल्लीने हळूच दार उघडलं – आणि आतून हसणं. अप्पांचं! सासूबाई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

कॉम्प्युटरसमोर अप्पा, मोबाइल स्पीकरवर. पडद्यावरचा बाण आपला आपण फिरतोय. फोनवर एक मुलगी – स्वच्छ मराठी, कोल्हापूरकडची.
"न्हाई ओ आजोबा, परत चुकला! बँकेचा पासवर्ड नीट आठवून सांगा की."
"थांब गं पोरी, वय झालं आता. तू जेवलीस का आधी?"
"जेवले की. पिठलं केलंतं."
"त्यावर कच्चं तेल घेतलंस का?"

फोन हिसकावला, तोडला. राउटरची वायर उपटली. तोंडाला येईल ते बोलले. अप्पा, ती चोर आहे! माझा पगार, पोरीच्या शिक्षणाचे पैसे, सगळं गेलं असतं! अडीअडचणीला असावा म्हणून मीच त्यांच्याकडून पासवर्ड पाठ करून घेतला होता – तो इतके दिवस विसरत राहिले म्हणून वाचलो!
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"जाई नाव आहे तिचं," एवढंच म्हणाले.

बुधवार, १२ नोव्हेंबर
यतीन म्हणाला, अप्पांना कॉम्प्युटरला हात लावू देऊ नकोस. कुलूपबंद केला. जाईचा नंबर ब्लॉक. पण खरंच – इतका भोळा माणूस! कुणीही यावं आणि फसवावं.

ओजस्विनीची माफी मागितली, मोबाइल परत दिला. "इट्स ओके." दार लावून घेतलं. नंतर अप्पा तिच्या दाराशी गेले. जरा वेळ उभे राहिले. तसेच परत आले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सकाळी अप्पांना चहा दिला, शेजारी बसले. सहज म्हटलं, बरं झालं पासवर्ड आठवला नाही तुम्हाला.

"आठवत होता की. ती लुबाडायला बसलीय हे पहिल्याच दिवशी कळलं मला. रोज मुद्दाम चुकीचा सांगायचो."

"मग फोन तरी कशाला करायचात अप्पा?"

चहा फुंकत म्हणाले, "खरा सांगितला असता, तर दुसऱ्या दिवशी बोलली असती का ती माझ्याशी?"