चारची वेळ

मास्तर,

परवा पुतणीनं मला तिच्या कारखान्यातले कॉम्प्युटर दाखवले. शिरूरच्या बाजूला आता शेताशेतांतून कारखाने उभे राहिलेत, तुम्हाला रस्ता सापडायचा नाही. ती म्हणाली, प्रत्येक कॉम्प्युटरचं घड्याळ रोज थोडं थोडं चुकतं, म्हणून सगळे जण एका मोठ्या कॉम्प्युटरला वेळ विचारतात आणि आपापलं घड्याळ दुरुस्त करून घेतात. मी विचारलं, "आन् एखाद्यानं न बघताच 'बरोबर हाय' म्हणून सांगितलं तर?" ती हसली. "काका, त्यांना खोटं बोलता येत न्हाई." मला हसू आलं नाही. घरी आलो आणि तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे बोलायला दुसरं माणूस मला कधी मिळालंच नाही.

सत्तरनंतरची ती दोन-तीन वर्षं असतील. दौंडच्या अलीकडचं आपलं स्टेशन म्हणजे दोन खोल्या, एक बाक, एक कडुनिंब आणि बाकी चहूकडे ज्वारी. तुम्ही स्टेशन मास्तर, रिटायर व्हायला वर्ष उरलेलं, बायको जाऊन बरेच दिवस झालेले. मी नवा असिस्टंट. मी मांडवगण फराट्याचा, हे ऐकल्यावर तुम्ही आडनाव विचारलंत. मी ते सांगितलं, आणि गावातली कुठली वस्ती ते तुम्हाला कळलं, हे मला दिसलं. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. तुम्ही आतून ओरडलात, "भाईर काय उभा ऱ्हातूस? स्टो पेटव, मी पीठ मळतो." तुमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, स्टोपाशी बसून मी त्या दिवशी जेवलो. माझ्या बापाला आयुष्यात असं कुणी आत बोलावलं नव्हतं.

रोज दुपारी चार वाजता कंट्रोल ऑफिसचा फोन वाजायचा. त्या एका तारेवर लाइनीतली सगळी स्टेशनं एकदम यायची. कंट्रोलवाला म्हणायचा, "चार वाजले," मग प्रत्येकानं आपलं भिंतीवरचं घड्याळ बघायचं, चुकत असेल तर काटा सरकवायचा, वहीत लिहायचं आणि फोनवर सांगायचं. एवढंच काम, मिनिटभराचं. पण दुपारी दोनपासून दहापर्यंत मी तिथं एकटा असायचो, तुम्ही सकाळपाळी करून झोपलेले. गाड्या थांबायच्या त्या दोनच, बाकीच्या धूळ उडवून निघून जायच्या. मला चार वाजायची ओढ लागायची ती वेळेसाठी नव्हे. दहा-बारा माणसं एकदम बोलायची. कुणी खोकायचा, कुणाच्या मागे कोंबडा आरवायचा, कुणी "काय जेवलास रे?" असं पटकन विचारून घ्यायचा. ते नीट ऐकू यावं म्हणून मी डोळे मिटायचो. एकदा तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. मी फोन खाली ठेवल्यावर म्हणालात, "डोळं मिटून काय ऐकतूस? कीर्तन हाय व्हय? आधी बघ, मंग बोल." मला राग आला होता. एवढ्याशा गोष्टीवरून म्हातारा खेकसला, असं वाटलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते झालं. रविवारी आणि सोमवारी चार वाजता मी घड्याळाकडे न बघताच "बरोबर" म्हणालो आणि वहीतही तसंच लिहिलं. घड्याळ मात्र त्या रविवारपासून दिवसाला दोन मिनिटं मागे पडू लागलं होतं. मंगळवारी सकाळी पॅसेंजर आली, तुम्ही रजिस्टरमध्ये वेळ टाकलीत, आणि मागच्या स्टेशनपासूनचं सात मिनिटांचं अंतर गाडीनं तीन मिनिटांत कापल्याचं कागदावर दिसलं. आपला पॉइंट्समन म्हणाला, "मास्तर, गाडी आली का इमान?" तुम्ही हसलात. दोन दिवसांनी इन्स्पेक्टर आला तेव्हा कुणी हसलं नाही. त्यानं मला विचारलं, सोमवारी चारला घड्याळ बघितलं होतं का. मी म्हणालो, "हो, बरोबर होतं." दर मंगळवारी सकाळी घड्याळाला चावी द्यायचं काम तुमचं. चावी देताना तुम्ही लंबक बोटानं थांबवायचात. इन्स्पेक्टरनं तोच धागा धरला. मधेच फोन वाजला असेल, लंबक तसाच राहिला असेल, चार मिनिटं गेली. तुम्ही बराच वेळ आठवत राहिलात. "फोन वाजला व्हता खरा," तुम्ही हळूच म्हणालात. मग माझ्याकडे वळलात. "तू बघितलं व्हतंस ना?" एकदाच विचारलंत. मी म्हणालो, "व्हय, मास्तर."

तुम्हाला लेखी ताकीद मिळाली. तीस-पस्तीस वर्षांतली पहिली. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे मनातून कधीच काढून टाकलं असतं. पण तुमचा स्वतःवरचा भरवसा उडाला. स्टो विझवला का, हे बघायला तुम्ही अर्ध्या वाटेतून माघारी जाऊ लागलात. चहा कपात ओतून मला विचारायचात, "साखर टाकली का रं मी?" कुलूप लावून ते तीनतीनदा ओढून बघायचात. एक दिवस घड्याळाची चावी माझ्यापुढे टेबलावर ठेवलीत. "आता हे तू बघत जा. माझ्या हाताचं काय खरं न्हाई." मी चावी घेतली. आणि रोज चार वाजता मला दिसत होतं की घड्याळ दोन मिनिटं मागेच आहे. मी गुपचूप काटा पुढे सरकवायचो आणि वहीत "बरोबर" लिहायचो. घड्याळ सदोष आहे हे कुणाला कळलं असतं, तर त्या मंगळवारचाही उलगडा झाला असता. पुढे ते साफसफाईला गेलं, नीट होऊन आलं. तोवर तुम्ही मुदतीच्या सहा महिने आधीच काम सोडून केंदूरला मुलाकडे गेला होतात.

सांगायचं ठरवूनच मी केंदूरला आलो होतो. तुम्ही ओसरीवर होतात, वाळलेले. येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारत होतात आणि पहिल्यानं सांगितलेली दुसऱ्याकडून पडताळून घेत होतात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही सूनबाईंना हाक मारलीत. "ह्यो बघ, म्या सांगत व्हतो त्यो. ह्याला समदं ठावं व्हतं, मी चावी देताना चुकलो ते. पर सायबापुढं त्यानं माज्या म्हातारपणाचा एक शबुद काढला न्हाई." सूनबाईंनी मला पाटावर बसवलं, ताटात गरम भाकरी वाढली. तुमचे डोळे भरलेले होते. मी जेवलो, मास्तर. आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. वर्षाच्या आत तुम्ही गेलात.

सूनबाई अजून आहेत, थकल्यात. हे कागद त्यांना वाचून दाखवावेत, असं इथवर लिहिताना वाटत होतं. दाखवणार नाही. गेल्या महिन्यात एका लग्नात भेटल्या, तेव्हा त्यांनी चार माणसांत मला पुढे ओढलं आणि सांगितलं, "आमच्या मामंजींची चूक ह्यांनी पोटात घातली." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. मी हात जोडले, मान खाली घातली. लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटलं, मास्तर.