अक्काची सुई

चाकण

तीर्थरूप अक्का,

पायांवर डोकं ठेवतो. इथे मी स्वतःच्या हातांनी केलं ते एवढंच: मंद आचेवर चार तास कढवलेलं निर्गुडीचं तेल, मालिशसाठी बत्तीस दात्यांचा बाभळीचा रोलर, ओव्याच्या शेकाच्या पुरचुंड्या. शिफ्ट सुटली की कंपनीतली माणसं येतात, खांदे मोकळे करून जातात. आजार बरा करतो, असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आणि तुझ्या सुनेने, सोनलने कळवलं, की तू इन्सुलिन सोडून चुंबकाचं पाणी पितेस. वर तिलाच ऐकवतेस, "माझा भाऊ वैद्य हाय, तू मला शिकवू नको." अक्का, मी वैद्य नाही. पुस्तकं वाचून हात बसवलेला माणूस आहे. परक्यांना सावध करत बसलो आणि घरचीच फसली.

पायाची जखम भरली का? फोन उचलत नाहीस, म्हणजे भरलेली नसणार. हे पत्र वाचलंस की सोनलसमोर सुई घे.

तुझ्या त्या पाण्याच्या बाटलीवर चिंचवडच्या ज्या केंद्राचं नाव आहे म्हणून सोनल सांगते, त्याचा मालक दिवाळीत माझ्याकडे आला होता. माझ्या तेलावर माझा फोटो आणि खाली 'साखर मुळापासून बरी' असं त्याला छापायचं होतं. मी चहा पाजून त्याला परत पाठवला. महिन्याला चाळीस हजार देत होता.

तुझा
रोहिदास