पर्समधला चाकू

माढा, ६ जानेवारी २०२५

चि. अंकितास, वच्छलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी तुझ्यासाठी आणलेल्या स्थळाचा, म्हणजे माळशिरसच्या उदयसिंहच्या आईचा, निरोप आला. मुलगी पसंत आहे, पण पाहायला आलेल्यांसमोर तिने पर्समधून चाकू काढला म्हणे! तो बाळगायचं सोडत असेल तर बैठकीला या, असं म्हणतात. बये, केलंस तरी काय? इतकं चांगलं घर हातचं जाईल. लगेच कळव.

काळजीत पडलेली,
तुझी आत्या

सोलापूर, १० जानेवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पाहायचा कार्यक्रम काकूकडे होता. तिची सुरी बोथट, पेरू चिरता चिरेना. हात सवयीने पर्समध्ये गेला. एवढ्यावर भागलं असतं, पण मी स्पिरिटच्या बोळ्याने पातंही पुसून घेतलं! आमच्या रोपवाटिकेत एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून दर कलमाला पुसतो ना. पाहुण्यांना वाटलं, ही आता ऑपरेशनच करते.

चाकू तूच दिलास. नोकरी लागली तेव्हा हातात न देता ओट्यावर ठेवून उचलायला लावलंस, आपल्यात भांडण नको म्हणून. त्याच्यावरच मी सीताफळाची कलमं शिकले, आणि या महिन्यापासून नव्या बायकांना शिकवायचं काम साहेबांनी मला दिलंय. उदयसिंह मला आवडला, तुझ्यापासून काय लपवू? पण चाकू सोडणार नाही. तू रागावलीस तरी नाही.

माया पातळ करू नकोस.
तुझी अंकी

माढा, १७ जानेवारी

चि. अंकीस, पोटभर आशीर्वाद.

परवा एसटीने माळशिरसला जाऊन आले. उदयसिंहच्या आईने विचारलं, बाईमाणसाला चाकू लागतोच कशाला, घरच्यांना भीती नाही का वाटत. मी म्हटलं, माझ्या पानसुपारीच्या चंचीत लग्नापासून चाकू हाय, आन् आमचे मालक अजून धडधाकट हायत की. कुणी हसलं नाही. मग सरळ उदयसिंहलाच विचारलं, तुझं काय म्हणणं हाय. तो आईकडे बघून पुटपुटला, आई म्हणेल तसं.

स्थळ मी आणलं होतं, मीच मोडून आले. तुला लागेल, ठाऊक आहे मला. रडू आलं तर रड, पण कामावर जा. येताना गाडीत आमची शेजारीण भेटली, मी कुठून येते ते ऐकून तिने विचारलं, सोयरीक मोडली का म्हणून. खाली मान घालायची सोडून माझा आवाज असा चढला की अख्ख्या गाडीला ऐकू गेलं. सांगितलं, आमची पोरगी कलमं करती, आन् आता दुसऱ्यांना शिकवती बी!

आत्यावर जीव आहे तसाच ठेव.
तुझी वच्छलाआत्या