तू घालून घेतलेला उतार

आये, तुझ्या मोरीच्या जागी आता भांडी धुवायचं मशीन आहे. आत ताटं लावायची, दार लावायचं, बटण दाबायचं आणि चालू पडायचं. तुला राग आला असेल तर बरंच झालं, मी पण आठवडाभर रागातच आहे. घरातल्या दोन पुरुषांवर काढून झाला, आता तू. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला मला थांबावं लागतं. तुझी वाक्यं मात्र न बोलावता येतात.

तू गेल्यावर दादाने मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. रांधायला शेजारची काकी येते, भांडी माझी. कोणी ठरवलं नव्हतं, तरी माझी. कणकवलीहून कॉलेज करून यायचं, बॅग टाकायची आणि मागल्या दारी सुरमईच्या वासाचा ढीग उपसायचा. आता पणजीत नोकरी लागली, सोमवारी रुजू व्हायचंय. मी दादाला सांगून टाकलं होतं, आधी मशीन आण, मी चाललेय. त्याने कुरकुरत आणलं. आणि ते गळायला लागलं. दाराच्या खालच्या कडेने पाणी यायचं ते थेट मागल्या दारापर्यंत. दादा उंबऱ्यावर उभा राहून हसतोय, "दर्या घरात इलो गो! पावण्यांका सांगया, सी-व्ह्यू!" बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "ह्या मशिनीचा काय खरा नाय. तू आपला सिझन सरापर्यंत थांब." किती साधं वाक्य. या घरात बाईने थोडे दिवस थांबणं म्हणजे काय, ते तुझ्याएवढं कोणाला माहितीये?

म्हणून मी ते गळणं शोधायला बसले. मेकॅनिक म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात मी इथे असणार नव्हते. प्लग काढला, नळ बंद केला, पालथी पडून बॅटरीने मागचे दोन्ही पाइप बघितले. कोरडे. दाराचं रबर बोटाने चाचपलं तर त्यात माशांचे खवले, खोबऱ्याचा चोथा, एक कढीपत्ता. वाटलं, सापडलं! सगळं पुसून काढलं, मशीन लावलं, परत तेच. तेव्हा मला रडू आलं, खरंच. मग सुचलं म्हणून एका ताटात थोडं पाणी घेतलं आणि मशीनच्या डोक्यावर ठेवलं. पाणी सगळं पुढच्या काठाला जमा झालं. मशीन पुढे वाकलेलं होतं. आत पाणी भरलं की दाराकडे झुकायचं आणि रबराच्या खालून निसटायचं.

आणि ते वाकलं होतं कारण तू तिथे जमिनीला उतार घालून घेतलास. मला तो दिवस लख्ख आठवतो. गवंड्याने केलेली मोरी तुला पटत नाही, तू त्याला परत फोडायला लावतेस. पदर खोचून त्याच्या डोक्यावर उभी आहेस, "पाणी सरळ केळींत गेला पायजे, घरात थांबता नये." बाबा म्हणाले, एवढं कशाला. तू म्हणालीस, "तुम्ही सरा, तुमका नाय कळाचा." तुझं सगळ्याच बाबतीत हे असं. तापाने फणफणलेली असतानाही तू भांड्यांना बसलीस, बाबा बाही सारून पुढे आले, तर त्यांना हाताने मागे सारलंस, "तुमका जमाचा नाय." आणि त्यांना ते किती सोयीचं पडलं, तुला दिसलं नाही? की दिसलं? एकदा दादा स्वतःचं ताट उचलून मोरीत घेऊन आला. शाळेत कोणीतरी शिकवलं असेल. तू ते त्याच्या हातातून ओढून घेतलंस, "ठेव ता! तुझी भयण मेली काय?" मी तिथेच उभी होते गो. माझ्याकडे न बघता तू ते ताट माझ्यापुढे सरकवलंस. तो परत कधी ताट घेऊन आला नाही. मी त्याला किती वर्षं शिव्या घालतेय, आणि त्याला मोरीचं दार बंद केलेलं तू.

पान्याने मशीनचे पुढचे पाय थोडे थोडे बाहेर काढले, मधे मधे ताटातलं पाणी बघत. ते मधोमध राहिलं तेव्हा मशीन लावलं. एक थेंब नाही. मी ओरडलेच. आणि बाबा, हातातला चहाचा कप ठेवून, खरंच कौतुकाने म्हणाले, "वा गो! आता तू गेलंस काय ह्याच्याकडे कोण बघतलो?"

तुला कळतंय ना काय झालं? मी जायला मिळावं म्हणून दुरुस्त केलं आणि दुरुस्त करता येतं म्हणून अडकले. हा सापळा मला ओळखीचा वाटला. तू यातच राहिलीस, वर मिरवलीस पण, "माझ्याशिवाय ह्या घरात पान हलाचा नाय."

मी काय केलं सांगू? मशीन रिकामं करून पाय परत आत फिरवले. पुढचे दोन्ही, पुरते. पुन्हा पुढे वाकवलं आणि पाना दादाच्या हातात दिला.

"खुळावलंस काय? झाला होता मा बरा!"

"आता तू कर. आडवो पड. मी बसतंय."

"माका खंय येता ता? तूच कर मगे, तुझो हात बसलो हा."

"माझो हात सोमवारी पणजीत आसतलो."

तो पडला आडवा. पाना उलटा फिरवला, शिव्या दिल्या, बोट चेमटवून घेतलं. बाबांना राहवलं नाही, तेही खाली बसले, बॅटरी धरून. दोघं भांडले, कोणता पाय आधी. मी मांडीखाली हात दाबून बसले होते, कारण इतकं सावकाश चाललं तर कोणाचेही हात शिवशिवतील. शेवटी मशीन चालू झालं. पाणी आलं नाही. दादा म्हणाला, "बघलंस?" मला नाही, बाबांना. आणि दोघं तिथेच वाकून त्या कोरड्या लादीकडे बघत बोलत राहिले.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. हे पत्र मी कुठे ठेवणारही नाही, लिहून झालं की फाडणार. फक्त एक गोष्ट, आणि ती मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. मी उठून खोलीत बॅग भरायला गेले. कपड्यांच्या घड्या घालत होते, पण लक्ष सगळं स्वयंपाकघरात. कोणीतरी हाक मारेल, अगो, जरा ये, बघ हे काय झालंय, म्हणून मी वाट बघत होते. बॅग भरून झाली तरी बघत होते.